दोन लाख चालली, पण कशी?

सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात. गाडी एका हातातली आहे, डॉक्टरची आहे आणि रनिंग कमी आहे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "किती चाललीय?" उत्तर लाखाच्या आत आलं की चेहरा खुलतो. दीड लाख म्हटलं की बोलणं थेट भावावर येतं, आणि दोन लाख ऐकून बहुतेक जण फोन ठेवून देतात. मीटरवरच्या या एका आकड्यावर लोक निम्मा व्यवहार ठरवतात. बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे आणि त्याला कोणता गिअरबॉक्स जोडलाय, हा प्रश्न मात्र कर्जाचे कागद तयार झाल्यावर कुणाला तरी सुचतो.

आकडा खोटा असू शकतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. थोडा हिशोब करून पाहा. पुण्या-मुंबईच्या गर्दीत गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर ८० हजार किलोमीटर व्हायला इंजिन ४ हजार तास चालावं लागतं. तेच इंजिन पुणे-बंगळुरू महामार्गावर सरासरी ६० च्या वेगाने पळालं, तर २ लाख किलोमीटर साधारण ३,३०० तासांत होतात. म्हणजे मीटरवर अडीचपट आकडा असलेली गाडी प्रत्यक्षात कमी तास राबलेली निघते. वर महामार्गावर क्लच कमी दाबला जातो, गिअर कमी बदलले जातात, ब्रेक कमी लागतात आणि इंजिन आपल्या योग्य तापमानाला तासन्‌तास स्थिर राहतं.

डॉक्टरच्या गाडीचं कौतुक इथेच पातळ होतं. घर ते दवाखाना दीड-दोन किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, ऑइलमध्ये साचलेलं पाणी आणि इंधनाचा अंश उडून जायला वेळच मिळत नाही. गाडी चकचकीत, सीटवर डाग नाही, सर्व्हिस वेळेवर. आणि तरीही इंजिनच्या दृष्टीने ती रोज सातारा-पुणे करणाऱ्या विक्रेत्याच्या गाडीपेक्षा जास्त सोसलेली असू शकते.

आज बाजारात लाख-दीड लाखाच्या पुढच्या गाड्यांत डिझेल इतक्या का दिसतात, यालाही इतिहास आहे. जून २०१० मध्ये केंद्राने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे मात्र सरकारच्या हातात राहिले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. लिटरमागे ३२ रुपयांचा फरक! महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर फिरणाऱ्यांनीही त्या काळात डिझेल गाड्या बुक केल्या; विकल्या जाणाऱ्या मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्याच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झालं आणि फरक आटत गेला. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणंच थांबवलं. त्या वर्षांतला तो सगळा डिझेल माल आता दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या हातात फिरतोय.

त्या मालाचा नायक एकच, फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. १,२४८ सीसीचं हे इंजिन युरोपात २००३ मध्ये आलं, २००५ मध्ये त्याच्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरलं, आणि भारतात ते पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला आणि हरियाणातल्या मानेसरला बनत होतं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया, अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की वाहनविषयक पत्रकारांनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' अशी पदवीच देऊन टाकली. फियाट भारतीय बाजारातून गेली, पण इंजिन गेलं नाही. तालुक्याच्या गावातल्या फिटरलाही ते डोळे मिटून खोलता येतं आणि सुटे भाग कुठेही मिळतात.

जुन्या गाडीच्या बाबतीत हा मुद्दा इंजिनच्या ताकदीपेक्षा मोठा आहे. दीड लाख किलोमीटरनंतर कोणतंही यंत्र काही ना काही मागणारच. ते जे मागेल ते पुण्याच्या नाना पेठेत संध्याकाळपर्यंत मिळणार की तीन आठवड्यांनी परदेशातून येणार, यावर मालकाची झोप अवलंबून असते. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. दोघांच्याही जुन्या गाड्या स्वस्तात मिळतात. काही खरोखर उत्तम आहेत, फोर्डचं १.५ लिटरचं डिझेल आणि मॅन्युअल गिअरबॉक्स ही त्यातली एक जोडी. पण स्वस्ताईचं कारण समजून घेऊनच गाडी घ्यावी.

मल्टिजेट ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन प्रकारांत येत होतं. ७५ वाल्यात साधा टर्बो आहे. ९० वाल्यात पात्यांचा कोन बदलणारा टर्बो आहे, तो पळायला मजा आणतो आणि बिघडला तर खर्चही वाढवतो. दोन्हींत टायमिंग चेन आहे. चेन आयुष्यभर टिकते असं विकणारा सांगेल, ते निम्मं खरं आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन ताणली जाते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकायचा असेल तर इंजिन थंडच हवं. म्हणून जायच्या आधी फोनवर सांगून ठेवावं की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर का, ते विचारावं.

चेन की बेल्ट, हा प्रश्न जास्त चाललेल्या गाडीत पैशांचा प्रश्न आहे. बेल्ट रबराचा असतो, त्याला किलोमीटरची आणि वर्षांची अशी दुहेरी मुदत असते. तो तुटला तर बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात हेड उतरवायची वेळ येते. टोयोटाच्या जुन्या इनोव्हाचं अडीच लिटरचं डिझेल बेल्टवर चालतं. त्या गाडीत बेल्टची मुदत भरली की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. दिवा बंद आहे म्हणजे बेल्ट बदललाच असेल असं नाही, दिवा रिसेट करणं काही मिनिटांचं काम आहे. डस्टर, टेरानो, डिझेल सनी आणि व्हेरिटो यांतलं रेनोचं १,४६१ सीसीचं डिझेलही बेल्टवालंच. विकणाऱ्याकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरून किंमत बोलावी. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टामध्ये २.४ लिटरचं नवं डिझेल आलं, त्याला चेन आहे. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिनं आणि होंडाची आय-व्हीटेकही चेनवाली. जुन्या मारुती ८०० आणि ऑल्टो ८०० मध्ये बेल्ट आहे, पण ते काम खिशाला झेपणारं आहे.

इनोव्हाचा विषय निघालाच आहे तर एक बाब. तीन-चार लाख किलोमीटर चाललेल्या इनोव्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही टॅक्सी स्टँडवर दिसतात, आणि त्या पाहून लोकांना वाटतं की डिझेल म्हणजे अमर. त्या गाड्या टिकल्या त्या मोठ्या, मंद फिरणाऱ्या आणि फार ताण न घेणाऱ्या इंजिनमुळे. शिवाय त्या रोज लांब पल्ल्यावर पळाल्या आणि धंद्याची गाडी म्हणून मालकाने ऑइल चुकवलं नाही. तोच नियम छोट्या हॅचबॅकच्या डिझेलला लावता येत नाही. पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करून विकण्याचे प्रकारही आहेत. आरसीवरचा जुना तपशील आणि वाहन पोर्टलवरची माहिती पाहिली तर ते कळतं.

मग डिझेल घ्यावं का? महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्या माणसाचा हिशोब मांडू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरलं, पेट्रोल गाडीने १५ आणि डिझेलने १९ चं अ‍ॅव्हरेज दिलं, तर पेट्रोलला महिन्याला साधारण ५,५०० आणि डिझेलला ३,८०० रुपये लागतात. वर्षाला वाचले २० हजार. आता दुसरी बाजू. दीड लाखाच्या पुढच्या डिझेलमध्ये चार इंजेक्टर, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह, आणि पुष्कळ गाड्यांत क्लचबरोबर बदलावं लागणारं डबल मास फ्लायव्हील, एवढ्या गोष्टी रांगेत उभ्या असतात. यातली दोन कामं एका वर्षी निघाली की दोन-तीन वर्षांची बचत संपली. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित वेगळं. त्याला डिझेल अजूनही परवडतं, कारण तो ते पळवतोसुद्धा.

बीएस-६ डिझेल अजून एका कारणाने जपून घ्यावं. त्याच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी साठली की इंजिन जास्त इंधन टाकून ती जाळतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. जी गाडी फक्त सोसायटीतून शाळेपर्यंत आणि शाळेतून भाजी मंडईपर्यंत फिरली, तिचा फिल्टर तुंबतो. अर्धवट राहिलेल्या जळणातलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. ऑइल वाढलेलं पाहून खूश होणारे लोक आहेत. त्यांनी तसं होऊ नये. बहुतेक जुन्या बीएस-४ डिझेलमध्ये हा फिल्टर नाही, म्हणून जास्त चाललेल्या गाडीत त्या अधिक साध्या ठरतात.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त डिझेलबद्दल सावध राहावं. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणायला सांगितली आणि चांगल्या स्थितीतल्या गाड्याही पडेल भावात बाहेरच्या राज्यांत निघाल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईपुरता दिलासा दिला, पण भावाचं दडपण आहेच. गाडी चांगली असू शकते. फक्त ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नवी नोंदणी आणि रोड टॅक्स मिळून ती खरंच स्वस्त राहते का, ते आधी आरटीओत विचारून घ्यावं.

पेट्रोलमध्ये निवड सोपी आहे. टर्बो नसलेलं, मध्यम आकाराचं, लाखोंनी विकलेलं इंजिन घ्यावं. मारुतीचं १.२ लिटर के-सीरिज आणि ह्युंदाईचं १.२ लिटर कप्पा ही इंजिनं दीड लाखाला थकत नाहीत. होंडाचं १.५ लिटर आय-व्हीटेक तर नीट ऑइल पाजलं तर दोन लाखांनंतरही घाटात तक्रार करत नाही. टर्बो पेट्रोल गाड्या चालवायला गोड, पण त्यांत उष्णता आणि दाब दोन्ही जास्त. आधीच्या मालकाने सर्व्हिसला चालढकल केली असेल तर त्याची किंमत पुढचा मालक मोजतो. एक नवा प्रश्न इथॅनॉलचा. देशभर आता २० टक्के इथॅनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. गाडी लगेच बंद पडत नाही, अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. पण दहा-बारा वर्षांच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील पाहून घ्यायला काही लागत नाही.

सीएनजी असेल तर कंपनीचं किट आहे की बाहेरून बसवलेलं, आरसीवर नोंद आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालीय का, एवढं पाहावं. मग गाडी पेट्रोलवर टाकून चालवावी. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या इंजिनचे लपलेले दोष तिथे उघडे पडतात.

इंजिनचा रोग ओळखायला गॅरेजवाले एक साधी युक्ती करतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. झाकण नाचायला लागलं किंवा उडून पडलं, खालून धुराची पिचकारी आली, तर "बॅक कॉम्प्रेशन मारतंय" असं म्हणून गॅरेजवाला हात पुसायला लागतो. याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा झिजल्या, जळालेला वायू खाली उतरतोय. मग सायलेन्सरकडे बघायचं. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पिते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. गरम झाल्यावरही जात नसलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बिडाच्या ब्लॉकचं इंजिन बोअर करून उभं करणारे कारागीर आजही आहेत. मल्टिजेट किंवा इनोव्हाचं इंजिन त्यांच्याकडे पुन्हा जन्म घेऊ शकतं. आधुनिक हलक्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनांत पुष्कळदा ब्लॉकच बदलायला सांगतात.

आता गिअरबॉक्स. फसगत इथे जास्त होते, कारण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली बाजारात चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात. आरसीवर त्यांचा भेद नसतो, आणि विकणाऱ्यालाही तो पुष्कळदा ठाऊक नसतो.

पहिलं टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेली जोडणी, घासून झिजणारा क्लच नाही. गाडी हलकेच सुटते, गर्दीत रांगत राहते. तंत्र जुनं, थोडं इंधन जास्त खाणारं, पण मुरलेलं. जास्त चाललेली ऑटोमॅटिक घ्यायचीच असेल तर पहिली पसंती याला. २०१५ च्या क्रेटा डिझेलचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक असो की क्रिस्टा २.८ चा, तेल वेळेवर बदललेलं असेल तर ते दोन लाख आरामात पाहतात. काही कंपन्यांनी या तेलाला 'लाइफटाइम' म्हटलं. कुणाचं लाइफ, हा प्रश्न वॉरंटी संपल्यावर उरतो.

दुसरं एएमटी. भारतात ते २०१४ च्या सेलेरिओने घराघरात नेलं. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या पायाहाताऐवजी यंत्र बसवलंय. म्हणून धक्के बसतात, चढावर गाडी किंचित मागे येते, पण बिघडलं तर खर्च सोसवतो. याचा शत्रू म्हणजे ब्रेक न लावता चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारा चालक. त्याच्या गाडीचा क्लच पन्नास हजार किलोमीटरांतच संपतो. सुटताना थरथर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लांबलेली ओढ, ही त्याची लक्षणं.

तिसरं सीव्हीटी. यात गिअरच नसतात. दोन शंकूसारख्या पुल्या आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा. शहरात यासारखं मऊ काही नाही. २०१४ नंतरची होंडा सिटी, पहिली बलेनो आणि ऑटोमॅटिक मायक्रा यांत ते आहे. होंडाचं नाव या बाबतीत बरं आहे. अमेरिकेत निस्सानला मात्र अनेक मॉडेलच्या सीव्हीटीची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. सीव्हीटी आतून गेला तर तो दुरुस्त करण्यापेक्षा बदलणं सोपं पडतं, आणि ते स्वस्त नाही. त्याचं खास तेल बदलल्याची बिलं असतील तरच पुढे जावं. ६०-७० च्या स्थिर वेगाला घोंघावणारा आवाज किंवा सुटताना हुडहुडी भरल्यासारखा कंप आला तर तिथेच थांबावं.

चौथं दुहेरी क्लचवालं, डीसीटी. फोक्सवॅगन-स्कोडा त्याला डीएसजी म्हणतात, फोर्डने पॉवरशिफ्ट म्हटलं. चालवायला चौघांत सर्वांत रंगतदार. पण त्यातला कोरडा क्लच असलेला प्रकार आपल्या उन्हात आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये तापतो. २०१३ साली चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून फोक्सवॅगनला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने पॉवरशिफ्टच्या ग्राहकांना दिलेल्या वागणुकीबद्दल फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. सगळ्याच गाड्या बिघडतात असं नाही; काही लाखभर किलोमीटर मुकाट चालतात. पण त्याचा मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे मेंदू आणि हात एकत्र असलेला भाग गेला, तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो, आणि दहा वर्षांच्या पोलोची किंमतच मुळात तीन-चार लाख असते. वॉरंटीबाहेरची, जास्त चाललेली, कोरड्या क्लचची डीसीटी हौसेने घ्यावी, गरजेने नको.

गोंधळ वाढतो तो नाव तेच ठेवून डबा बदलल्यामुळे. २०१३ ची इकोस्पोर्ट पेट्रोल ऑटोमॅटिक म्हणजे दुहेरी क्लच. २०१७ च्या अखेरीस आलेल्या सुधारित गाडीत टॉर्क कन्व्हर्टर. पोलो जीटी १.२ टीएसआयमध्ये डीएसजी, तर २०२० च्या १.० टीएसआयमध्ये टॉर्क कन्व्हर्टर. सिटीची २००८ ते २०१३ ची पिढी पाच गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, पुढची सीव्हीटी. २०१२ च्या डिझायर ऑटोमॅटिकमध्ये चार गिअरचा जुना टॉर्क कन्व्हर्टर, २०१७ पासून एएमटी. बलेनोत आधी सीव्हीटी, २०२२ पासून एएमटी. जाहिरातीत सगळ्यांपुढे एकच शब्द असतो, ऑटोमॅटिक. म्हणून महिना, वर्ष आणि व्हेरिएंट तिन्ही विचारावेत.

मॅन्युअल अर्थातच सर्वांत निर्धोक. क्लच प्लेट झिजते, ती बदलता येते, आणि कुठल्याही गावात बदलता येते. तपासणीही सोपी. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिन ओरडलं आणि गाडी मागे राहिली तर क्लच घसरतोय. पळत्या गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना करकर झाली तर सिंक्रो रिंगा गेल्या. चौथ्या-पाचव्यातून गिअर आपोआप सुटत असेल तर डबा खोलावाच लागेल.

ट्रायल सोसायटीच्या आवारात घेऊ नये. पुणेकरांनी कात्रज, साताऱ्याकडच्यांनी खंबाटकी, नाशिककरांनी कसारा गाठावा. गाडीत चार माणसं, एसी चालू. अर्ध्या तासानंतर तापमानाचा काटा कुठे आहे, चढावर थांबून पुन्हा सुटताना काय होतं, उताराला इंजिन धरतं का, हे घाट सांगतो. ऑटोमॅटिक असेल तर उभ्या गाडीत डी आणि आर पुन:पुन्हा टाकून पाहावं. दणका बसला किंवा दोन सेकंद काहीच घडलं नाही, तर कारण शोधावं. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा ओबीडी स्कॅनर लावावा. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्येही किलोमीटरची नोंद राहते, आणि मीटर मागे फिरवणाऱ्याला ती दुरुस्त करायची आठवण राहिलेली नसते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मालकाला मागायला लावावा. आणि पेडल पाहावं, ८० हजार चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत नसतं.

आणि पाणी. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, जुलै २०२१ चं चिपळूण. असे पूर ओसरले की बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरांत विकायला येतात. इंजिन त्यातून सावरतं, पण एएमटी आणि डीसीटीचे विजेचे भाग सावरत नाहीत; सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक दिवा लागायला लागतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, गुंडाळलेल्या भागात चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांखालचा गंज आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यातली माती धुवायचं सहसा विसरलं जातं.

तीन ते पाच लाख रुपयांत लाख किलोमीटरपुढची गाडी घेणाऱ्या आणि महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या कुटुंबाला टर्बो नसलेलं, चेनवालं पेट्रोल आणि मॅन्युअल गिअर हीच जोडी बरी. गुडघे दुखत असतील, ट्रॅफिक रोजचा असेल, तर तेच इंजिन टॉर्क कन्व्हर्टरसह. ते न मिळाल्यास एएमटी आणि नव्या क्लचची तयारी. महिन्याचं फिरणं दोन हजार किलोमीटरच्या पुढे जात असेल तर बीएस-४ डिझेल आणि मॅन्युअल, बिलांच्या फायलीसकट. अशी दीड लाख चाललेली गाडी, जिचा इतिहास सांगता येत नाही अशा साठ हजार चाललेल्या गाडीपेक्षा आधी बघावी. ठरलेल्या रकमेतले दहा-पंधरा टक्के मात्र हातात राखून ठेवावेत, आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट आणि बेल्ट असेल तर बेल्ट बदलून टाकावा. गाडी पाहायला जाताना मेकॅनिक विकणाऱ्याने सुचवलेला नको, आपला न्या आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या.